बादलीतली वाईट पुंगळी: दीडशे वर्षांचा हिशेब

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मूठभर घेऊन ओंजळीत खुळखुळवल्या, तर त्यांचा आवाज नाण्यांसारखा खणखणीत येतो. त्यात एखादी तडकलेली असली की मधेच फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज उमटतो. मग एकेक पुंगळी बोटांनी फिरवून बघायची. तोंडाकडून खाली उतरलेली केसासारखी बारीक चीर सापडतेच. अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसे घरी पुन्हा भरणारे लोक वाईट पुंगळी ओळखायला अजूनही हीच युक्ती पहिल्यांदा वापरतात. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हा छंद इथला नव्हे.)

पुंगळी पुन्हा वापरता यावी म्हणून कुणी बनवत नाही. ती बनते सैन्यासाठी, पोलिसांसाठी किंवा कारखान्याच्या सोयीसाठी. रीलोडिंग म्हणजे काडतुसे पुन्हा भरण्याचे काम करणाऱ्याच्या बादलीत जी कटकट जमते, ती याच तिघांच्या जुन्या निर्णयांची.

सुरुवात १८६६ पासून करावी लागते. त्या साली दोघांनी प्रायमरची, म्हणजे आघाताने पेटून बारूद पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या वाटीची, पेटंटे घेतली: इंग्लंडच्या वुलिच शस्त्रागारातले एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेचे हायरम बर्डन. प्रायमर पेटायला त्याच्यावर आघात व्हावा लागतो आणि आघाताला खाली ऐरण हवी. बॉक्सरनी ही ऐरण प्रायमरच्या वाटीतच बसवली, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र पुरले. बर्डननी ऐरण पुंगळीच्याच धातूतून काढली आणि तिच्या बाजूला दोन बारीक छिद्रे ठेवली. पुढे गंमत अशी झाली की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. मधल्या छिद्रातून सुई घालून जळका प्रायमर एका झटक्यात ढकलता येतो, आणि अमेरिकेत हा छंद फोफावण्याचे एक मोठे कारण हेच. बर्डन पुंगळीत तीच सुई थेट ऐरणीवर आदळते, वाकते किंवा मोडते. म्हणून परदेशी लष्करी माल मिसळलेला असेल, तर प्रेसवर (पुंगळ्या पुन्हा भरायच्या यंत्रावर) चढवण्याआधी बॅटरीच्या उजेडात पुंगळीच्या तोंडातून आत डोकवायचे. तळाशी दोन डोळे दिसले की ती बाजूला.

पितळाच्या स्वभावाचा धडा मात्र हिंदुस्थानात मिळाला. इथल्या ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत आणि काडतुसे तबेल्यांत साठवली जात. उघडीप झाल्यावर पेट्या उघडल्या की बरीच काडतुसे न झाडताच चिरलेली निघत, तीही गोळी जिथे दाबून आवळलेली असते नेमकी तिथे. ऋतूशी संबंध दिसला म्हणून या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले. पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडवतात, तेव्हा धातूत ताण कोंडला जातो. घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने आणि दमट हवेने त्या ताणलेल्या धातूला कणाकणांमधून चिरा पाडल्या.

तबेला पाहिला नसेल, तर कल्हईवाला आठवा. तापल्या भांड्यावर तो नवसागराची चिमूट टाकतो तेव्हा नाकाला झोंबतो तो हाच अमोनिया. आणि ठोकून ठोकून कडक झालेले भांडे तांबट मधेच भट्टीत का घालतो, यात दुसरा अर्धा भाग आला. पितळ जितके ठोकाल, दाबाल, ओढाल तितके ते कडक आणि ठिसूळ होते. तापवले की सैलावते. कारखान्यांनी यावर उपाय काढला तो सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्ताची पुंगळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवून आतला ताण उतरवण्याचा. एवढ्या उष्णतेने कडकपणा फारसा जात नाही, ताण मात्र जातो.

घरच्या कामाला या इतिहासातून दोन नियम लागू पडतात. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश पुंगळ्यांना लावायचे नाही, भांडी त्याने कितीही चकाकोत. धुवायला साबणाचे पाणी आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरते. तेही जास्त वेळ ठेवले तर जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. दुसरा नियम: पिस्तुलाची पुंगळी घरी भाजून मऊ करायच्या भानगडीत पडू नये. ती इतकी आखूड असते की तोंडाला दिलेली आच सहज बुडापर्यंत पोचते, आणि बूड मऊ पडले तर स्फोटाचा दाब अडवणार कोण? तोंड तडकले की पुंगळी भंगारात, विषय संपला. दर खेपेला पुंगळीचे तोंड तीनदा छळले जाते: डायमध्ये (मापाच्या साच्यात) आवळले जाते, गोळीसाठी फुलवले जाते, पुन्हा दाबले जाते. गरजेपेक्षा जास्त फुलवणाऱ्याच्या पुंगळ्या लवकर तडकतात.

लष्कराने दिलेली दुसरी भेट म्हणजे ठोकून पक्का केलेला प्रायमर. मशीनगनमध्ये प्रायमर सुटून यंत्रात अडकला तर बंदूक बंद पडते, म्हणून त्याच्या भोवतीची कड दाबून टाकतात. नऊ मिलिमीटरच्या नाटो मालावर वर्तुळातल्या क्रॉसचा ठसा दिसला की ही कड आहेच असे धरून चालावे. जुना प्रायमर निघतो, पण नवा आत शिरत नाही; जोर लावला तर चेपतो, क्वचित पेटतोही. कड काढायचे दोन मार्ग आहेत: दाबून मागे सारणे किंवा कापून टाकणे. कापणाऱ्याचा हात थोडा जरी जास्त फिरला, तरी प्रायमरची खोबण रुंदावते आणि प्रायमर सैल बसतो. दाबण्याचे काम संथ, पण धातू जागेवर राहतो. आमचे मत त्याच्या बाजूने. बोटाच्या हलक्या दाबाने प्रायमर आत गेला तर ती खोबण संपली समजावी.

पोलिसांचा वाटा १९८६ मधला. ११ एप्रिलला मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले आणि जास्त जोरदार काडतुसाचा शोध सुरू झाला. आधी १० मिलिमीटर निवडले, मग तेच आखूड करून जानेवारी १९९० मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .४० एस अँड डब्ल्यू आणले. दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), म्हणजे नऊ मिलिमीटरइतकीच, जुन्या .४५ एसीपी काडतुसाची २१,०००. सुरुवातीच्या ग्लॉक पिस्तुलांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती नळीची जागा, सैलसर, आणि काडतूस वर चढते त्या उताराशी पुंगळीला खालून आधार कमी. झाडल्यावर पुंगळीचे पोट नेमके तिथे फुगायचे, बुडाजवळच्या खाचेच्या जरा वर, एकाच बाजूला. अशा पुंगळीला अमेरिकेत अजूनही 'ग्लॉक्ड' म्हणतात.

नेहमीची डाय हा फुगा काढू शकत नाही, कारण पुंगळी धरणारा होल्डर आडवा येतो आणि बुडाजवळची पट्टी तशीच राहते. म्हणून पुंगळी डायमधून आरपार ढकलायची साधने निघाली. .४० ला ती चालतात, कारण पुंगळी जवळपास सरळ आहे: बुडाशी ०.४२४ इंच, तोंडाशी ०.४२३. नऊ मिलिमीटरची पुंगळी निमुळती आहे, ०.३९१ वरून ०.३८० वर येते. तिला या मार्गाने पाठवायचे नाही. आणि फुगा सपाट झाला म्हणजे धातूची ताकद परत आली असे नाही. नख फिरवल्यावर धारदार घडी लागली, हसऱ्या ओठासारखी रेघ दिसली, तर ती पुंगळी वाचवू नये.

कारखान्याच्या सोयीची दोन उदाहरणे पुरेत. .४५ एसीपीचा प्रायमर पिढ्यान्‌पिढ्या ०.२१० इंचांचा. शिसेविरहित प्रायमर आले तेव्हा काहींनी लहान, ०.१७५ इंचांचे घेतले आणि पुढे ते साध्या मालातही शिरले. पुंगळी बाहेरून हुबेहूब. सुई दोन्हींतून सारखीच जाते, त्यामुळे चूक कळते ती पुढच्या टप्प्यावर, मोठा प्रायमर लहान खोबणीवर आपटून प्रेस थांबतो तेव्हा. बूड वर करून ट्रेमध्ये रचून नजर फिरवणे हाच उपाय. दुसरे उदाहरण आतल्या पायरीचे: नऊ मिलिमीटरच्या काही पुंगळ्यांत तोंडाच्या थोडे खाली भिंत एकदम जाड होते. आतली जागा कमी झाल्यामुळे तेवढ्याच बारुदीने दाब वाढतो, शिवाय भिंत त्या पायरीवरच तुटते आणि वरचे कडे चेंबरमध्ये चिकटून बसते. अशा पुंगळीच्या बुडावरचा ठसा असलेल्या सगळ्या एकदम वेगळ्या कराव्यात.

मिसळलेल्या मालाची एक साधी खोडही आहे. नऊची पुंगळी .४० मध्ये आणि .४० ची .४५ मध्ये अलगद बसते. ड्रममध्ये धुताना त्या अशा घट्ट अडकतात की आतली धुतलीच जात नाही आणि डायमध्ये दोन्ही एकदम जातात. म्हणून पुंगळ्या चाळून वेगळ्या करायच्या त्या धुण्याआधी, नंतर नव्हे. .३८० ची पुंगळी (०.६८० इंच) नऊच्या (०.७५४) ढिगात लपते, ती तोंडाच्या उंचीवरून हेरावी लागते.

टाकून द्यायची पुंगळी तशीच डब्यात टाकली, तर चार महिन्यांनी ती पुन्हा चांगल्यांत येते. पक्कडीने तिचे तोंड चपटे करून मगच भंगाराच्या डब्यात टाकतात. भंगारवाल्याकडे नेताना एकही न झाडलेला प्रायमर त्यात राहिलेला नाही, एवढे पाहायचे.