गॅरेजचं दार जड झालं म्हणजे मोटर गेली?

नवीन दाराचा खर्च विचारायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात एक समज पक्का असतो: दार मोटर उचलते. म्हणून दार कुरकुरायला लागलं की आधी जास्त ताकदीची मोटर, नाहीतर सरळ नवं दार.

खरं तर वजन पेलते ती स्प्रिंग. दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली ही जाड गुंडाळी दार खाली येताना पिळली जाते आणि वर जाताना तोच पीळ परत देते. दोन गाड्यांचं दार सहज 70-80 किलोंच्या घरात जातं, तरी नीट जुळवलेलं असेल तर एका हाताने उचलता येतं. मोटर फक्त ढकलते, ओढते.

तपासायचं असेल तर दार बंद असताना मोटरच्या पट्टीला लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा आणि दार हाताने अर्ध्यावर आणा. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक. धपकन खाली येऊ लागलं तर दुखणं स्प्रिंगमध्ये आहे. (पाय बाजूला ठेवा!)

साधी स्प्रिंग साधारण 10,000 उघडझापींसाठी बनवतात. रोज चार वेळा धरलं तर जेमतेम सात वर्षं. म्हणजे दार धडधाकट असतानाच ती थकते, आणि ती बदलणं नव्या दारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मात्र ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, हाडं मोडतात. मजुरीचे पैसे इथे वाचवायचे नसतात.

नवं दार घेणारच असाल तर दरपत्रकात स्प्रिंग, रूळ, जुनं दार काढण्याची मजुरी धरली आहे का, ते आधी विचारा.