एफ. सी. सोशो-माँबेलियार

फ्रान्समधील एक जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्विस सीमेजवळच्या फ्रांश-काँते प्रांतात, माँबेलियार शहराला लागून असलेल्या सोशो या कारखानावस्तीत त्याचे ठाणे आहे. येथे १९१२ पासून प्यूजो कंपनीचा मोटारींचा कारखाना उभा असून, याच उद्योगघराण्यातील झाँ-प्येर प्यूजो यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये क्लबची स्थापना झाली. पुढे माँबेलियारमधील क्लब त्यात विलीन झाला व सध्याचे जोडनाव पडले. क्लबचा पोशाख पिवळा-निळा असून, प्यूजोच्या बोधचिन्हावरील सिंहामुळे खेळाडूंना ‘सिंहाचे छावे’ म्हणतात.

त्या काळी फ्रान्समध्ये फुटबॉल हौशी मानला जाई आणि खेळाडूंना पैसे दिले जात ते चोरून. प्यूजो यांनी ही पडद्याआडची प्रथा मोडून खेळाडूंना उघडपणे वेतन देण्याचा आग्रह धरला, आणि १९३०-३१ मध्ये ‘सोशो चषक’ ही स्पर्धा भरवून व्यावसायिकतेच्या मागणीला बळ दिले. फ्रेंच महासंघाने १९३२ मध्ये व्यावसायिक खेळाला मान्यता दिली, त्यात या कारखानावस्तीचा वाटा मोठा होता. क्लबच्या साऱ्या चषकांपेक्षा ही कामगिरी अधिक मोलाची ठरते. मैदानावरचे यशही लवकरच आले : १९३५ व १९३८ मध्ये लीगचे विजेतेपद आणि १९३७ मध्ये फ्रेंच चषक. स्विस आघाडीपटू आंद्रे अबेग्लेन आणि बचावपटू एत्येन मात्लेर हे या संघाचे आधारस्तंभ होते. महायुद्धात मात्लेर जर्मनविरोधी प्रतिकार चळवळीत उतरले, तर क्लबचे क्रीडासंचालक ओग्युस्त बोनाल यांना १९४५ मध्ये जर्मनांनी ठार केले. कारखान्याशेजारचे मैदान आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

युद्धानंतर लीगचे विजेतेपद पुन्हा मिळाले नाही, मात्र खेळाडू घडविण्याची परंपरा वाढत गेली. क्लबच्या प्रशिक्षणकेंद्रातून बन्वा पेद्रेती, जेरेमी मेनेझ, इब्राहिमा कोनाते व मार्कुस थुराम असे खेळाडू पुढे आले. संघाने १९८१ मध्ये युएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. २००४ च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात नाँतविरुद्ध पेनल्टी शूटआउट झाले. त्यात नाँतचा गोलरक्षक मिकाएल लाँद्रो स्वतः पेनल्टी मारायला आला, त्याने मारलेला हलका चेंडू अडवला गेला आणि चषक सोशोकडे आला. २००७ मध्ये मार्सेयविरुद्ध २-२ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्येच फ्रेंच चषक जिंकला गेला.

मालकीच्या इतिहासात २०१५ हे वर्ष निर्णायक ठरले. मे २०१४ मध्ये बोनाल मैदानावर एव्हियाँकडून ०-३ असा पराभव होऊन संघ अव्वल श्रेणीतून घसरला होता. अडचणीत असलेल्या प्यूजो समूहाने जवळपास नऊ दशकांचे नाते तोडून क्लब हाँगकाँगमधील टेक प्रो कंपनीच्या लेद्यूस या उपकंपनीला सुमारे ७० लाख युरोंना विकला. एवढ्या इतिहासाच्या मानाने ही किंमत अगदीच किरकोळ होती. तोटा भरून काढणारा घरचा आश्रयदाता गेल्यावर क्लबची घडी विस्कटली आणि २०२० मध्ये तो स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील नेनकिंग या चिनी समूहाच्या हाती गेला. २०२२-२३ च्या हंगामात संघ बराच काळ बढतीच्या शर्यतीत होता, पण नेनकिंगकडून पैसा येईना. त्यामुळे व्यावसायिक क्लबांचे हिशेब तपासणाऱ्या डीएनसीजी या मंडळाने २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला तिसऱ्या श्रेणीत उतरवले. दुसऱ्या श्रेणीत मैदानावर टिकवलेली जागा कागदावर गेली आणि ती आनसी या क्लबाला मिळाली.

क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना माजी अध्यक्ष झाँ-क्लोद प्लेसी परतले व स्थानिक गुंतवणूकदारांनी भांडवल उभे केले. ‘सोस्योशो’ या समर्थक-संघटनेने वर्गणी गोळा करून भागभांडवलात हिस्सा घेतला, त्यामुळे प्रेक्षकही प्रथमच क्लबच्या मालकांत आले.