कंबरेची पाळी उशिरा आली

विदर्भाच्या खेड्यांत फिजिओथेरपी पाठदुखीच्या निमित्ताने आली नाही. आधी ती कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी आणि पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी आली. कंबर मात्र बराच काळ गावच्या जाणकारांकडेच राहिली. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाकडून पाठीवर लाथ मारून घ्यायची, बिब्बा लावायचा, तापल्या विटेने शेकायचं, आणि फारच झालं तर डाग द्यायचा. साधी उसण आठ-पंधरा दिवसांत आपोआपच उतरते, त्यामुळे पायाळूचं नाव राहिलं.

कुष्ठकार्याची परंपरा इथे जुनी आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. पुढे अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, तर १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. तामिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर स्नायुबंध एका जागेवरून दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. अशा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर बोटांना व्यायाम लागतोच. त्यामुळे कुष्ठकार्यात फिजिओथेरपी जाणणारा माणूस आवश्यक ठरला. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. पुढे हे शिक्षण नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात आणि वर्ध्याजवळच्या सावंगीतही मिळू लागलं.

खुद्द बाबांचाच मणका निकामी झाला होता. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं, बसणं जवळपास अशक्य. तरी १९८५ चं भारत जोडो अभियान त्यांनी गाडीत आडवं पडून पार केलं.

मणक्याचं आधुनिक शास्त्र तोवर बरंच पुढे गेलं होतं. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी मणक्यांमधली सरकलेली गादी नस दाबते, हे दाखवलं आणि पुढची काही दशकं सगळं खापर गादीवरच फुटत राहिलं. १९५६ मध्ये न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण चुकून पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत पालथा पडून राहिला आणि त्याची पायाकडची कळ कमी झाली. यातूनच पुढे ठरावीक हालचाली करून बघून कळ कुठे सरकते ते पाहायचं, अशी तपासणीची पद्धत आली. १९८६ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच उपयोगी ठरली. आपल्याकडे मात्र महिनाभर पडून राहण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. रोवणीच्या हंगामात मजूर बाईला तो कोण पाळू देणार?

इथली खरी गुंतागुंत निदानाची आहे. 'कंबर धरली' म्हणत आलेल्या माणसामागे या मातीतले चार-पाच आजार दडलेले असू शकतात. पाऊल लोंबतंय म्हणजे गादीच सरकली, असं नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस जाड लागते का, पायावर बधिर चट्टा आहे का, हे चाचपावं लागतं, कारण तिथे कुष्ठ असू शकतो. पाऊल आत वळवण्याचं बळ शाबूत असेल तर दोष बहुधा गुडघ्याजवळच्या नसेत असतो. ते गेलं असेल आणि मांडी बाजूला उचलतानाही कमजोरी असेल, तर कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या मुळाकडे पाहायचं. तरुणाच्या जांघेत कळ असेल आणि खुबा आत वळत नसेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय का, ते बघायचं. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांत मान-पाठ ताठ झालेली माणसं भेटतात. त्यांना व्यायामाआधी वेगळं पाणी लागतं. रात्रीची कळ, बारीक ताप, घटलेलं वजन, मणक्यावर उंचवटा ही क्षयाची चिन्हं आहेत, आणि अशा मणक्याला हाताने झटका द्यायचा नाही. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रुग्णाला तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

हे सगळं यंत्र सांगत नाही. शेक आणि ट्रॅक्शन (यंत्राने कंबर ताणणं) देऊन दहा दिवसांत पाठवणी करण्याची जी रीत पडली, ती मला पायाळूच्या लाथेपेक्षा फारशी वेगळी वाटत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावकऱ्यांच्या पाठ-सांध्यांच्या दुखण्याकडे आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून पाहिलं आणि मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनसोबत तिथे मणक्याच्या रुग्णांवर उपचारही होऊ लागले. कायद्याने राज्यात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषद आली, २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदाही झाला. तरी पदवीधर बहुधा शहरातच राहतात. तालुक्याहून आत गेलं, की पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवसभर राबणाऱ्याला कुठे, कसं वाकावं हे सांगायला आशाताई आणि गावचा डॉक्टर एवढेच उरतात.