बालसाहित्य पुरस्कार (साहित्य अकादेमी)

भारतीय भाषांतील बालवाङ्मयासाठी साहित्य अकादेमीतर्फे दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार. प्रारंभ २०१०. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा, शिवाय इंग्रजी व राजस्थानी अशा २४ भाषांसाठी तो आहे. स्वरूप : ५०,००० रुपये व ताम्रपट. वितरण बहुधा १४ नोव्हेंबरला, बालदिनी होते.

घोटाळा होतो तो कालमर्यादेत. पुरस्कारवर्षाच्या लगतचे वर्ष सोडून त्यामागील पाच वर्षांत प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके विचारात घेतली जातात. उदा., २०२४ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१८ ते ३१ डिसेंबर २०२२ हा काळ होता. म्हणजे २०२२ च्या दिवाळीत निघालेले पुस्तक २०२३ मध्ये बसत नाही. २०२४ पासून २०२८ पर्यंत मात्र पाच वेळा कक्षेत येते. मोजायची ती पहिली आवृत्ती. नवी चित्रे घालून काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीने मुदत वाढत नाही. बालपुस्तकांच्या पातळ पुस्तिकांवर कधीकधी प्रकाशनवर्षच छापलेले नसते. तिथे पात्रता दाखवणे अवघड. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत एकाच वर्षाची पुस्तके घेतली जात असल्याने दोन्हींचे हिशेब एकमेकांत मिसळू नयेत.

प्रत्येक भाषेसाठी त्रिसदस्य परीक्षक मंडळ असते. त्याच्या एकमताने वा बहुमताने झालेल्या निवडीवरून कार्यकारी मंडळ पुरस्कार जाहीर करते. पहिली दहा वर्षे (२०१०–१९) एका पुस्तकाऐवजी लेखकाच्या एकूण योगदानासाठीही पुरस्कार देण्याची मुभा होती. म्हणून त्या दशकातील यादीत काही नावांपुढे ग्रंथनाम आढळत नाही. ती छपाईची चूक नव्हे.

मराठीतील पहिले मानकरी अनिल अवचट (२०१०). मराठवाड्याचे मानकरी किती, हे निकषावर अवलंबून आहे. बाबा भांड (२०१२) मूळचे पैठण तालुक्यातील, छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाचे संस्थापक. त्यांच्याबाबत वाद नाही. सुरेश सावंत (२०२५, ‘आभाळमाया’, कविता) नांदेडचे. भारत सासणे (२०२४, ‘समशेर आणि भूतबंगला’, कादंबरी) जन्माने जालन्याचे, पण शासकीय सेवेमुळे त्यांचे वास्तव्य अन्यत्रही झाले. या नावांपैकी जन्मस्थान धरल्यास तिघे, लेखनाची कर्मभूमी धरल्यास दोघे. प्रादेशिक सूचीसाठी जन्मस्थान अधिक सोयीचे, कारण ते बदलत नाही.