गाडी झटके देते म्हणून कार्बोरेटरच दोषी? नाही!

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) लागला आणि गाडी झटके देऊ लागली की नागपुरात जुन्या प्रीमियर पद्मिनी कारवाल्यांना एकच सल्ला मिळतो: "कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू फिरव." हा समज चुकीचा आहे. सोलेक्स कार्बोरेटरचा तो स्क्रू मुख्यतः आयडलिंगचं, म्हणजे गाडी उभी असताना चालू इंजिनाचं, हवा-पेट्रोल मिश्रण ठरवतो. वेगात झटके बसत असतील तर कितीही फिरवा, फरक शून्य. आधी डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढा. सीबी पॉइंट (वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे, खड्डे पडलेले दिसले तर ठिणगी तिथेच मरते. या पॉइंटना जोडलेला कंडेन्सर त्याहून लबाड: सकाळी थंड इंजिनावर गुमान चालतो, तापला की दगा देतो, आणि बदनाम होतो बिचारा कार्बोरेटर. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटची गॅप लावा, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. उलट केलंत तर मेहनत वाया, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकतं. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.