पाण्याची बुंदी

२०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तेविसाव्या मैलावर धावपटूंना बाटल्यांऐवजी लिबलिबीत पारदर्शक पुड्या दिल्या गेल्या. आत एनर्जी ड्रिंक, बाहेर समुद्री शेवाळापासून केलेली साल. तोंडात टाकायची, दातांनी फोडायची, सालीसकट गिळायची. तीस हजारांहून जास्त पुड्या त्या दिवसासाठी तयार होत्या. त्या करणाऱ्या नॉटप्ला कंपनीला २०२२ मध्ये पर्यावरणासाठीचा अर्थशॉट पुरस्कारही मिळाला.

आमच्या ग्रुपवर हा व्हिडिओ फिरला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे प्लास्टिकच खायचं का?" हीच मंडळी अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा ओढून दाखवत "बघा, प्लास्टिकचं अंडं!" म्हणून पुढे ढकलत असतात. तो पापुद्रा प्रथिनांचा असतो आणि प्रत्येक अंड्यात असतो. असो. अंड्यांकडे पुन्हा यायचंच आहे.

ही साल होते सोडियम अल्जिनेटची. तपकिरी समुद्रशैवालातून निघणारी ही फिकट पूड. सरगॅसम हे तसलंच एक शैवाल मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही उगवतं. ओहोटीला दिसणारी, बारीक फुगे लगडलेली तपकिरी झुडपं तीच. अल्जिनेट म्हणजे साखरेच्या चुलतभावांची लांबलचक माळ. मण्यांवर ऋणभार असतो, त्यामुळे माळा एकमेकींना ढकलत राहतात आणि पूड पाण्यात घोटली की नुसतं पेजेसारखं दाट पाणी होतं.

मण्यांच्या जाती दोन, एम आणि जी. एमची ओळ साधारण सपाट, फितीसारखी. जीची ओळ मात्र नागमोडी, आणि वळणावळणाला एकेक खोबण. सोडियमच्या आयनावर एकच धनभार, त्याच्याकडून दोन माळा बांधल्या जात नाहीत. कॅल्शियमवर दोन. तो खोबणीत नेमका बसतो आणि समोरची माळ वरून पालथी येऊन त्याला झाकते. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, त्यात अंडी, वर दुसरा ट्रे उपडा, अगदी तसंच. रसायनशास्त्रज्ञ १९७३ पासून याला खरोखरच 'एग-बॉक्स' म्हणतात. एखाद्या अंड्यानं ट्रे धरून राहत नाहीत, ओळीनं बरेच जी लागतात. म्हणून ज्या शैवालात जी जास्त त्याचं जेल कडक आणि ठिसूळ, एम जास्त त्याचं मऊ, लवचीक.

मी हे घरी करून पाहिलं. अर्ध्या लिटर पाण्यात पाच ग्रॅम अल्जिनेट मिक्सरमधून फिरवलं आणि फेस बसेपर्यंत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या पातेल्यात कॅल्शियम लॅक्टेटचं पाणी (क्लोराइडही चालतं, पण कडवट लागतं). झाऱ्यातून थेंब पाडले आणि बुंदी तयार! थेंब पडता पडता त्याची कड आवळते. मात्र कॅल्शियम आत झिरपतच राहतो. काढायला उशीर झाला की गोळी पार आतपर्यंत घट्ट. आत पाणी पाणीच राहायला हवं असेल तर उलटं करायचं: कॅल्शियम पेयात मिसळायचा आणि थेंब अल्जिनेटमध्ये सोडायचे. मग साल बाहेरच्या अंगानं वाढते.

पाणी जमलं म्हणून कोकम सरबतात अल्जिनेट घातलं आणि फजिती झाली. नुसत्या गुठळ्या. आम्लातले हायड्रोजन आयन मण्यांवरचा ऋणभार मिटवतात, माळांची ढकलाढकल थांबते आणि त्या एकमेकींत गोळा होतात.

खरी अडचण वेगळीच आहे. अल्जिनेटला पाणी प्रिय, त्यामुळे सालीतून पाण्याची वाफ आरामात सुटते. बशीत विसरलेल्या बुंदीची सकाळी मोहरी झाली होती. प्लास्टिकच्या बाटलीला पाण्याशी असं सख्य नाही, म्हणून ती दुकानात महिनोन्‌महिने उभी राहू शकते. शिवाय साल खायची तर तिला धूळ, हात लागता कामा नयेत. म्हणजे वरून पुन्हा पिशवी आली. शर्यत किंवा सॉसची पुडी अशा भरली-की-संपवली कामांना हे छान. किराणा दुकानातल्या फळीवर अवघड.

'बायोडिग्रेडेबल' शिक्क्याचे ग्लास हा आणखी निराळा प्रकार. त्यातले बरेच पीएलए नावाच्या प्लास्टिकचे, मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून केलेले. पण ते नीट कुजायला औद्योगिक कंपोस्टातलं साठेक अंश तापमान आणि ओल लागते. माझ्या गॅलरीतल्या ड्रमात असा एक ग्लास गेल्या पावसाळ्यापासून आहे. भोवतालच्या केळीच्या सालींची माती झाली. ग्लासवरचं हिरवं पान अजून स्पष्ट दिसतं.