शाळेतली तपासणी: दोष सापडल्यावर पुढे काय?

वर्गातल्या सगळ्या मुलांचे डोळे, कान, वजन पाहायचं, त्यांच्याकडून थोडं वाचून घ्यायचं आणि ज्यांच्याबद्दल शंका येईल त्यांना सविस्तर तपासणीसाठी पुढे पाठवायचं, ही पद्धत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. तिचं मूळ मात्र वैद्यकशास्त्रापेक्षा सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांत आहे. शाळा ऐच्छिक होती तोवर ज्याला फळा दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा अक्षर लागत नाही, ते मूल घरी राहायचं, नाहीतर शेतात किंवा कारखान्यात जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत शिक्षण सक्तीचं होत गेलं, आणि अशी मुलं मोठ्या संख्येने शिक्षकांपुढे येऊन बसली.

सुरुवात डोळ्यांपासून झाली, कारण मोजण्याचं साधन तिथे आधी हाती आलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला. पाचच वर्षांनी ब्रेस्लाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) हर्मान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांच्या दृष्टीच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातल्या शाळांपेक्षा वरच्या शिक्षणाच्या शाळांत आणि खालच्या वर्गांपेक्षा वरच्या वर्गांत लघुदृष्टी (लांबचं नीट न दिसणं) जास्त, असं त्यात दिसलं. कोन यांनी दोष दिला तो अंधाऱ्या वर्गांना आणि बेढब बाकांना. म्हणजे शाळेतल्या तपासणीने सुरुवातीलाच बोट दाखवलं ते शाळेकडे. पुढच्या काळात असं फार वेळा घडलं नाही.

कारण नंतर आलेली तपासणी शाळेला मुलापासून वाचवण्यासाठी होती. बॉस्टनमध्ये १८९४ साली घटसर्पाच्या भीतीने डॉक्टर शाळाशाळांत जाऊ लागले. आजारी मूल दिसलं की त्याला घरी पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. न्यूयॉर्कमध्ये तर हा बंदोबस्त पराकोटीला गेला. खुपरी, गजकर्ण, खरूज, उवा, काहीही सापडलं की हातात कार्ड देऊन मुलाची घरी रवानगी. पालकांपैकी अनेक जण नव्याने आलेले स्थलांतरित. कार्डावरचं त्यांना कळत नसे आणि कळलं तरी उपचाराला पैसे नसत. शाळेतून काढलेली मुलं संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळायची. संसर्ग थांबला नाही, वर्ग मात्र ओस पडले. मग परिचारिका आणि समाजसेविका लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रायोगिक तत्त्वावर चार शाळा दिल्या गेल्या. किरकोळ त्रासावर त्या शाळेतच औषध लावत, घरी जाऊन आईला समजावून सांगत. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठवलं गेलं होतं. पुढच्या सप्टेंबरमध्ये हा आकडा १,१०१ वर आला. तपासणी आधीही होतीच. बदललं ते तिच्यानंतरचं काम.

ब्रिटनला जाग आली ती सैन्यभरतीमुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले कितीतरी तरुण शारीरिकदृष्ट्या नालायक ठरले, त्यावर १९०४ साली सरकारी समितीचा अहवाल आला आणि १९०७ च्या कायद्याने शालेय वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. उपचार मात्र स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले होते. दात किडलाय, कान वाहतोय, हे वहीत नोंदवणं सक्तीचं आणि त्यावर इलाज करणं ऐच्छिक, अशी स्थिती १९१८ च्या शिक्षण कायद्यापर्यंत चालली. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली वडोद्यात झाली. त्या संस्थानात प्राथमिक शिक्षण तीन वर्षं आधीच सक्तीचं झालं होतं, हा योगायोग नव्हे.

बौद्धिक चाचणीही सक्तीच्या शिक्षणाचंच अपत्य. फ्रान्सच्या सरकारने १९०४ साली नेमलेल्या आयोगापुढे प्रश्न होता, नेहमीच्या वर्गात ज्यांना जमत नाही ती मुलं ओळखायची कशी? मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये चढत्या काठिण्याचे ३० प्रश्न तयार केले. कुणाला वेगळ्या पद्धतीने शिकवायला हवं हे ठरवण्यापुरतंच ते साधन होतं. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, हे बिने यांना मान्यच नव्हतं. पण १९११ साली त्यांचं निधन झालं आणि अमेरिकेत त्याच चाचणीतून माणसाला आयुष्यभर चिकटणारा आकडा, म्हणजे बुद्ध्यांक, तयार झाला. मदतीसाठी केलेल्या चाळणीचा शिक्का कसा होतो, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दरम्यान, हुशार असूनही वाचता न येणारी मुलं या कुठल्याच जाळ्यात सापडत नव्हती. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली अशा एका १४ वर्षांच्या मुलाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात छापलं. सगळं तोंडी शिकवलं असतं तर तोच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. यानंतर जवळजवळ सात दशकं हा विषय मोजक्या डॉक्टरांपुरताच राहिला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा पालकांच्या मेळाव्यात मांडली, तेव्हा तिला चळवळीचं बळ मिळालं. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने अशा मुलांना शिक्षणात मदतीचा हक्क दिला. हक्क आला की पात्रता ठरवावी लागते, म्हणून बुद्ध्यांक आणि प्रत्यक्ष प्रगती यांतली तफावत मोजायची पद्धत रूढ झाली. गंमत अशी की तफावत पुरेशी मोठी व्हायला मुलाने काही वर्षं नापास होत राहावं लागायचं, तोवर मदत नाही. २००४ च्या दुरुस्तीने ही अट सक्तीची राहिली नाही. आधी नीट शिकवा आणि मूल त्याला कसा प्रतिसाद देतं ते पाहा, हा मार्ग खुला झाला.

चाळणी चुकू शकते, हे डॉक्टरांना बऱ्याच आधी कळायला हवं होतं. न्यूयॉर्कमध्ये ११ वर्षांच्या १,००० मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९३४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. उरलेले २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी ९९ निवडले. मग राहिलेले ११६ तिसऱ्या गटाकडे, आणि तिथेही निम्म्याच्या आसपास मुलांना तोच सल्ला. डॉक्टर टॉन्सिल पाहतच नव्हते म्हणा ना. समोरच्यांपैकी साधारण निम्म्यांत दोष असणार, हे आधीच मनात धरून बसले होते.

एखाद्या आजारासाठी अशी सरसकट तपासणी करावी का, हे ठरवायला विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी १० निकष लिहिले. त्या आजारावर मान्य उपचार असावा आणि निदान-उपचारांची सोय हाताशी असावी, हे त्यांत ठळकपणे होतं. न्यूयॉर्कच्या त्या कार्डांपासून इथवर यायला साठ-सत्तर वर्षं लागली. या कसोटीवर काही रूढ तपासण्या टिकल्या नाहीत. पाठीचा कणा वाकडा आहे का हे मुलांना पुढे वाकवून पाहण्याची पद्धत अमेरिकी शाळांत सर्रास होती. लक्षणं नसलेल्या मुलांत ती नियमित करू नये, असं तिथल्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं.

वाचनाच्या बाबतीत शास्त्र पुढे सरकलं होतं. ब्रॅडली आणि ब्रायंट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली दाखवलं की चार-पाच वर्षांच्या मुलांना यमक आणि आद्याक्षराचा ध्वनी ओळखता येतो का, यावरून पुढच्या वाचनाचा अंदाज बांधता येतो, आणि हे कौशल्य शिकवताही येतं. म्हणजे नापास होण्याची वाट पाहायला नको. याच धाग्यावर इंग्लंडने २०१२ पासून पहिल्या इयत्तेत ४० शब्द वाचून दाखवण्याची चाचणी सुरू केली. २० खरे शब्द, २० बनावट. उत्तीर्णतेची रेषा ३२ वर, आणि शिक्षकांना ती आधीच ठाऊक. निकालाचा आलेख आला तेव्हा ३१ गुणांवर फारच थोडी मुलं होती आणि ३२ वर एकदम उंच सुळका. २०१४ पासून रेषा कुठे आहे हे चाचणी होऊन जाईपर्यंत शिक्षकांना सांगणं बंद झालं.